हजेरीपटावर नसलेली माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, महागाईभत्ता किंवा नव्या कामगार-संहिता यांपैकी काहीतरी असणार. आम्ही 'संशोधनाच्या पद्धती' असे कळविले. त्यावर एका चालकांनी फोन करून 'नक्की ना?' म्हणून विचारले. त्यांचे काही चुकले नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि एका दयाळू डॉक्टरांनी उसन्या दिलेल्या पुस्तकांतून. तेव्हा आज जे ऐकाल ते एकदा फसलेल्या माणसाचे बोलणे आहे असे समजून ऐका. आणि फसविले कोणी, हे सांगताना आम्हांला बोट बरेचसे स्वतःकडेच वळवावे लागणार आहे.

आम्ही एका सूतगिरणीत ब्लो रूममध्ये लागलो. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : कापसाच्या गाठी फोडून, झोडपून, त्यांतील कचरा काढण्याचे हे खाते. त्याच्या पुढचे कार्डिंग. या दोन खात्यांत जी धूळ उडते तिच्यापुढे रिंग फ्रेमचे खाते म्हणजे माथेरान! २००४ साली युनियनने मागणी केली की, या दोन्ही खात्यांत धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवावी. व्यवस्थापन म्हणाले, 'आधी पाहणी होऊ द्या.' आम्हांला ते रास्त वाटले. डॉक्टर मंडळी आली, गेटाजवळ टेबले मांडली, पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला नळीत फुंकायला लावले, चार प्रश्न विचारले. महिनाभराने अहवाल आला : कामगारांची छाती सर्वसाधारणपणे निरोगी आहे. आम्ही युनियनचे चिटणीस होतो. छापील कागद, त्यावर तक्ते, खाली पदव्यांसह सह्या. आम्ही मागणी मागे घेतली आणि करारावर सही केली.

त्या पाहणीत कोणी खोटेपणा केला, असे आम्ही म्हणत नाही. आकडे खरे होते. तरीही उत्तर चुकले. हे कसे, ते समजायला आम्हांला सहा-सात वर्षे लागली.

पहिली गोष्ट दिवसाची. कापसाच्या धुळीने जो रोग होतो, त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवातीची खूण अशी की, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरत जाईल तशी ती मोकळी होते. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात पाहणी केली, तेव्हा त्यांनी कामगारांना हाच प्रश्न नेमका विचारला आणि त्यावरून रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. आमच्याकडे टेबले मांडली गेली गुरुवारी. आणि फुंकायला लावले पाळीवर जाताना. वास्तविक पाळीच्या आरंभी एकदा आणि शेवटी एकदा फुंकून घेतले असते तर दिवसभरात श्वास किती उतरला ते दिसले असते. चोर रात्री येतो आणि पहारा दुपारी ठेवावा, तशातला प्रकार.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. गेटावर आले कोण? जे त्या दिवशी कामावर होते ते. कार्डिंगमध्ये आमचे एक वडीलधारे सहकारी होते, सारे खाते त्यांना मामा म्हणे. दोन वर्षांपूर्वी 'जिना चढवत नाही' म्हणून हिशेब घेऊन ते गावी गेले होते. अशी किती माणसे गेली होती! कोणी शेतीवर, कोणी पानपट्टीवर बसलेला, कोणी बदली कामगार म्हणून चार महिने येऊन खोकत परत गेलेला. ते हजेरीपटावर नव्हते, म्हणून पाहणीत नव्हते. ज्याला धूळ सोसत नाही तो निघून जातो आणि ज्याला सोसते तो उरतो. मग उरलेल्यांना मोजून आपण म्हणतो की, धूळ सर्वांना सोसते. शास्त्रात याला 'निरोगी कामगाराचा परिणाम' म्हणतात. मुळात कामावर घेतानाच धडधाकट माणूस निवडून घेतात, हाही त्याचा एक भाग. हे ज्या दिवशी आम्ही वाचले त्या दिवशी जेवण गेले नाही.

एका दिवशी टेबल मांडून केलेली पाहणी म्हणजे फोटो. फोटोत कोण आहे ते कळते, कोण निघून गेला ते कळत नाही. आणि आजार आधी की काम आधी, तेही सांगता येत नाही. फोटो निरुपयोगी नाही. आज किती जणांना चष्मा लागेल, किती जणींच्या रक्तात लोह कमी आहे, हे त्यानेच कळते आणि थोड्या खर्चात कळते. पण 'या कामाने माणसे आजारी पडतात का' हा प्रश्न त्याला विचारू नये.

मग कशाला विचारावा? याचे उत्तर एका युनियनच्या कपाटात सापडले, ही गोष्ट आम्हांला फार गोड वाटते. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागात ॲस्बेस्टॉसचे अस्तर लावणाऱ्या कारागिरांची युनियन होती. वाफेच्या नळ्या, बॉयलर, जहाजे यांना उष्णतारोधक आवरण चढविण्याचा त्यांचा धंदा. आज एका मालकाकडे, उद्या दुसऱ्याकडे; त्यामुळे कोणत्याही एका मालकाच्या दफ्तरात त्यांचा पुरा हिशेब नव्हता. तो होता युनियनच्या वहीत. डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ अखेर त्या वहीत असलेले ६३२ सभासद घेतले आणि १९६२ पर्यंत त्यांतील प्रत्येकाचे काय झाले याचा शोध घेतला. धंदा सोडला असो वा नसो, निवृत्त असो, मृत असो, नाव सोडायचे नाही. त्याच वयाच्या सर्वसाधारण अमेरिकन पुरुषांच्या मृत्यूच्या प्रमाणावरून हिशेब केला, तर फुप्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात माणसे मरायला हवी होती. मेली ४५. हा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला.

या पद्धतीला 'कोहॉर्ट' म्हणतात. आम्ही तिला 'पाठपुरावा' म्हणतो. नावांची यादी आधी, आजार नंतर. यादी एकदा पक्की झाली की तिच्यातून कोणाला गळू द्यायचे नाही, हेच तिचे सारे बळ. सभागृहातील युनियनच्या मंडळींनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी आमचे येणे सार्थ झाले.

पण पाठपुराव्याला वर्षे लागतात, आणि रोग दारात उभा असेल तर वीस वर्षे कोण थांबणार? तेव्हा उलट वाटेने जातात. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या वीस रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी गाठले, आणि प्रत्येकासाठी त्याच्याच वयाचा, दुसऱ्या आजाराचा रोगी जोडीला घेतला. दोघांना एकच प्रश्न : आजवर तंबाखू किती ओढलीत? गंमत अशी की, डॉल यांचा पहिला संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. १९५० साली त्यांनी आकडे छापले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच न ओढणारे फक्त २ निघाले. जोडीच्या ६४९ मध्ये २७. ही 'केस-कंट्रोल' पद्धत, म्हणजे मागोवा. हिच्यात भिस्त आठवणीवर असते आणि जोडीचा माणूस कोण निवडला यावर असते. आजारी माणूस कारण शोधतच असतो. त्याला धूळ जास्त आठवते. हे डॉल आणि हिल जाणून होते, म्हणून १९५१ पासून त्यांनी सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांची यादी करून पाठपुरावाही सुरू केला आणि तो पन्नास वर्षे चालला.

आता काही सुशिक्षित मित्र आम्हांला म्हणतात, 'चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग तेवढा खरा, बाकी सगळे सांगोवांगी.' चिठ्ठीचा आम्हांलाही आदर आहे. मद्रासला १९५६ साली क्षयरोगाचे एक केंद्र उघडले. त्या काळी मत असे की, क्षयी माणसाला सॅनेटोरियममध्येच बरे वाटणार : तेथे विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा. गरिबाच्या कोंदट खोलीत काय होणार? केंद्राने चिठ्ठीने ठरविले की, कोणी सॅनेटोरियममध्ये जायचे आणि कोणी घरी राहायचे. गोळ्या दोघांनाही त्याच. वर्षाअखेर दोन्हीकडच्या यशात फारसा फरक दिसला नाही, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना रोग अधिक लागला असेही पुढे आढळले नाही. चिठ्ठी नसती तर कोणी म्हणाला असता, घरी राहिलेले मुळातच कमी आजारी होते; चिठ्ठीने ते तोंड बंद केले. खाटेअभावी परत पाठविल्या जाणाऱ्या गरिबांवर या एका प्रयोगाचे केवढे उपकार आहेत!

पण चिठ्ठी टाकून माणसाला धुळीत उभे करता येईल काय? येणार नाही, आणि कोणी करू लागला तर आम्ही त्याला गेटावर अडवू. म्हणून धुळीच्या प्रश्नावर 'चिठ्ठीचा प्रयोग कुठे आहे?' असे विचारणारा माणूस एक तर अजाण असतो, नाही तर त्याला उत्तर नको असते. धूळ काढण्याचे उपाय मात्र चिठ्ठीने तपासता येतात. दहा खात्यांपैकी कोठे यंत्र आधी बसवायचे ते चिठ्ठीने ठरवावे. हे आम्ही एका व्यवस्थापकांना सुचविले होते. ते हसले.

समाजशास्त्राविषयी थोडेच बोलतो, कारण वेळ होत आला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गिरणीचे गाव होते. गिरणी बंद पडली आणि गावच्या गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल व त्यांचे सहकारी तेथे गेले आणि १९३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी प्रश्नपत्रिका वाटून काम संपविले नाही. कपडे वाटपात, दवाखान्यात हात लावला. लोकांकडून दिवसाचा हिशेब लिहून घेतला. रस्त्यावरून जाणारी माणसे किती वेळा थांबतात हे घड्याळ लावून पाहिले. बायकांना घरचे काम होते, त्या थांबत नव्हत्या. पुरुष पुन्हापुन्हा थांबत होते. वाचनालयाची वर्गणी माफ झाली, वेळ तर उदंड होता, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. बेकारीने माणूस पेटून उठतो, असे आमच्या चळवळीत मोठ्या हौसेने सांगतात. त्या गावात तो विझत चालला होता. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून परतलेले लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

आता आमच्या वहीविषयी. मागणी मागे घेतली ती चूक तरी दुरुस्त करता आली. पुढे वेगळ्या करारात यंत्रणा बसली. दुसरी चूक दुरुस्त होण्यासारखी नाही. २०११ साली युनियनचे कार्यालय लहान जागेत हलविले, तेव्हा सभासदांच्या जुन्या नोंदवह्या वाळवी लागली म्हणून रद्दीत घातल्या. किलोवर गेल्या. पावतीवर सही आमचीच आहे. धंद्यात कोण केव्हा आला, कोणत्या खात्यात होता, केव्हा गेला, हे सांगणारा कागद गावात दुसरा नव्हता. आणि सेलिकॉफांची गोष्ट आम्ही वाचली ती त्यानंतर वर्षभराने.

वर्गणीच्या पावत्यांची तीन पुस्तके मात्र एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर सापडली. त्यांच्या स्थळप्रतींवरून आम्ही काही जण नावे उतरवून घेत आहोत. सभेला आलेल्यांपैकी कोणाच्या घरी असे पुस्तक, जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी असेल, तर कृपा करून ती टाकू नका, आम्हांला दाखवा. १९९१ च्या पुस्तकात मामांची पावती निघाली. नाव आहे, कार्डिंग खाते आहे, वर्गणी पाच रुपये. धंद्यात आल्याच्या सालाचा रकाना कोरा आहे. पावती फाडणाऱ्याने तो विचारलाच नाही, आणि अक्षर आमचे आहे. येत्या रविवारी ते साल विचारायला आम्ही त्यांच्या मुलाकडे जाणार आहोत.