आमच्या घरी ढेकूण झाले होते

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते कीटकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असून मंडळाचे जुने सभासद आहेत. – संपादक)



चिटणिसांनी मला फोन करून व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "ढेकूण." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, काल सुगम संगीत, उद्या अथर्वशीर्षाची आवर्तनं, आणि मध्येच ढेकूण?" मी म्हटले, "अहो, बाप्पाने उंदराला पायाशी जागा दिली आहे. ढेकणाला तासभर व्यासपीठ द्यायला काय हरकत आहे?" त्यांनी ते मान्य केले, याबद्दल आभार.

सुरुवातीला एक विनंती. ज्यांच्या घरी कधी ढेकूण झाले असतील, त्यांनी कृपया हात वर करावेत.

बघा, एकही हात वर नाही. झुरळे विचारली असती तर सगळे हात वर आले असते. पाल विचारली असती तर प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगितली असती. ढेकूण म्हटले की आपण शेजाऱ्याकडे बघतो. हिरा भंगला तरी त्याचा ठपका आपण ढेकणाच्या संगतीवर ठेवणारी माणसे! आज मला या लाजेबद्दलच बोलायचे आहे.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. रविवारी सकाळी चाळीच्या गॅलरीत एक सामुदायिक कार्यक्रम असे. प्रत्येक बिऱ्हाडातून गाद्या, लाकडी खाटा, पाट बाहेर येत. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायचे, फटींत रॉकेल सोडायचे, खाट जमिनीवर आपटायची आणि पडतील ते ढेकूण चपलेने चिरडायचे. कोणाकडे फ्लिटचा पंप असे, तो सगळ्या चाळीत फिरे. पुढे टिक-ट्वेंटीची बाटली आली. तिचा वास इथल्या अनेकांना आठवत असेल. गिरणगावात तर एकेका खोलीत पंधरा-वीस गडी पाळ्यांनी झोपत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा होई. पथारी थंड होतच नसे. ढेकणाला याहून चांगली खाणावळ कुठली?

चाळीत ढेकूण कमी होते असे मुळीच नाही, भरपूर होते. पण ते कोणी लपवत नसे, एवढेच.

मग डीडीटी आले. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. युरोप-अमेरिकेतल्या घरांतून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ढेकूण जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. डासांसाठी मारलेल्या औषधाने सुरुवातीला ढेकूणही मेले आणि लोक खूश झाले. परंतु जे थोडे वाचले, त्यांची प्रजा वाढली. हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर येथे १९४७ च्या सुमारासच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. ढेकूण मरेनासे झाल्यावर अनेक ठिकाणी लोक फवारणीवाल्याला दारातूनच परत पाठवू लागले. हिवतापाच्या मोहिमेला ढेकणाने असाही अडथळा केला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा पाहुणा पाश्चात्त्य शहरांत परतला. २०१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्याने हॉटेले आणि चित्रपटगृहे हैराण केली. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये आगगाडीच्या आसनांपर्यंत त्याची चर्चा पोहोचली आणि त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण कोरियात. डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनाही तो पुष्कळ ठिकाणी सरावला आहे. वाढलेला प्रवास आणि जुन्या फर्निचरची देवघेव यांनी त्याला वाहन मिळाले, कारण याला पंख नाहीत. तो उडत नाही, उडीही मारत नाही. त्याला आपणच उचलून नेतो.

आता त्याची थोडी ओळख करून घेऊ. मराठीत ढेकूण, हिंदीत खटमल, इथे कन्नडमध्ये तिगणे, संस्कृतात मत्कुण. शास्त्रात माणसाला चावणाऱ्या मुख्य जाती दोन, सायमेक्स लेक्ट्युलॅरियस थंड मुलखातली आणि सायमेक्स हेमिप्टेरस आपल्यासारख्या उष्ण देशांतली. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच-सहा मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढरे, फटीत घट्ट चिकटवलेले. पोषक परिस्थितीत मादी आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालते. ती साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा रक्त लागते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांवरून तो माणूस शोधतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि फटीत परततो. खायला मिळाले नाही तर काही महिने थांबतो. घर बंद करून गावी गेलो म्हणून तो उपासाने मरेल, या भ्रमात राहू नये.

दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवा. एक, ढेकणामुळे माणसाला रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. खाज, जागरण आणि मनस्ताप मात्र होतो. दुसरी, त्याला घाण लागत नाही, त्याला माणूस लागतो. लखलखीत घरात तो तितक्याच आनंदाने राहतो. अडगळ असली तर त्याला लपायला जागा जास्त मिळतात, एवढाच स्वच्छतेचा संबंध.

माणसे जितकी दाट, तितके त्याचे काम सोपे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर ढेकूण ही शहरांत वाढलेली माणसाची पहिली कीड असावी, असा तर्क मांडला आहे. आपले बंगळूरच बघा. हवा बारा महिने सुखद. पेइंग गेस्टच्या इमारतीत एकेका खोलीत तीन-चार खाटा. मुले सहा महिन्यांत नोकरी बदलतात, जागा बदलतात, बॅग तीच. एका फ्लॅटमध्ये औषध मारले की काही ढेकूण वायरच्या नळीतून, पाइपाच्या भोकातून शेजारी जातात. शेजारी बिचारा समजतो, डास वाढले.

आता ज्यासाठी उभा राहिलो, ती गोष्ट सांगतो.

२०१४ ची गोष्ट. मी निवृत्त झालो होतो. आमच्या गच्चीवरच्या खोलीत सोलापूरकडचा एक मुलगा भाड्याने राहायला आला होता. पहिलीच नोकरी. रविवारी आमच्याकडेच जेवायचा. हिच्या हातावर लाल गांधी उठू लागल्या. ही म्हणाली, "काहीतरी चावतंय." मी म्हणालो, "डास." मला स्वतःला एकही गांध नव्हती. चाव्याची प्रतिक्रिया काही माणसांच्या अंगावर उमटतच नाही, हे मी वर्गात शिकवलेले. पण घरात प्राध्यापकाचा उपयोग नसतो.

महिन्याभराने त्या मुलाने खाली येऊन सांगितले, "काका, गादीत ढेकूण दिसतायत." मी वर गेलो, गादी उलटली, शिवणीत दोन दिसले. आणि मी त्याला म्हणालो, तेही जिन्यात, शेजारचे ऐकत असताना, "तुम्ही मुलं कुठे कुठे राहून येता आणि सगळं घेऊन येता." तो काही बोलला नाही. आठवड्यात त्याने जागा सोडली. गादी तेवढी मागे ठेवली.

त्यानंतर औषध मारणाऱ्यांना बोलावले आणि त्यांच्या सांगण्यावरून आमचा खालचा दिवाण सुटा केला. प्लायवूडच्या जोडांत काळ्या ठिपक्यांचे थरावर थर आणि कातींचा नुसता कोंडा. मी आयुष्यभर किडे मोजले आहेत. ही एका महिन्याची वस्ती नव्हती, अनेक महिन्यांची होती. वरच्या खोलीतले ढेकूण नवे होते, आमचे जुने. मग आठवले की त्याला दिलेली गादी हिने याच दिवाणातून काढून दिली होती. आणि दिवाणाशेजारी वेताची आरामखुर्ची होती. बदली होऊन जाणाऱ्या एका ओळखीच्यांकडून मी ती हौसेने विकत घेतली होती आणि रिक्षात घालून स्वतः आणली होती. "आधी उकळतं पाणी घाला तिच्यावर," असे ही म्हणाली होती. वेताची पॉलिश जाईल म्हणून मी घातले नाही. खुर्चीच्या विणीत बॅटरीचा झोत टाकला आणि काय ते कळले.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पलंगावरच्या चादरीत मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असते. अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा येतो आणि राजा झोपायच्या आधीच त्याला चावतो. राजा ओरडतो, सेवक शोधू लागतात. ढेकूण फटीत शिरतो आणि सापडते ती ऊ. तिलाच मारतात. अनोळखी पाहुण्याला थारा देऊ नये, असे तात्पर्य आम्हाला शाळेत सांगितले होते. त्या दिवशी मला गोष्टीतला दुसराच भाग दिसला. शिक्षा चावणाऱ्याला झाली नाही, सापडलेल्याला झाली.

मी मुलाला फोन केला. चूक माझी, ढेकूण आमचे, असे सांगितले. तो म्हणाला, "जाऊ द्या काका." मी विचारले, "नव्या जागेत काही त्रास नाही ना?" तो जरा थांबला. म्हणाला, "झालेत. पण मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर इथूनही काढतील." एका खोलीत चौघे होते, आणि अशा कितीतरी खोल्या. मी म्हटले, "मी येतो, बघतो, उपाय सांगतो." तो म्हणाला, "नको काका. तुम्ही आलात तर सगळ्यांना कळेल."

त्या इमारतीत गेलेले ढेकूण बहुधा माझ्या घरचे होते. पण ते तिथे वाढले ते माझ्या जिन्यातल्या एका वाक्यामुळे. खरे सांगितले तर काय होते, हे त्या मुलाला मीच शिकवले होते.

म्हणून आता उपाय सांगतो, थोडक्यात.

शंका आली की बॅटरी आणि जुने व्हिजिटिंग कार्ड घ्या. गादीची शिवण, खाटेचे सांधे, भिंतीवरच्या तसबिरीमागची बाजू, पडद्याच्या चुण्या बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग आणि पोकळ काती, ही खूण. निव्वळ गांधींवरून निदान करू नका.

चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये चांगले गरम फिरवा, अंडीसुद्धा मरतात. शिवणींवरून वाफेचे यंत्र सावकाश फिरवा. बंगळूरच्या उन्हावर भिस्त ठेवू नका. गादी वरून तापते, ढेकूण खालच्या अंगाला सरकतो. खाट भिंतीपासून दूर ओढा. औषध जाणकाराकडूनच मारून घ्या, आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात. शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरांचीही तपासणी त्याच वेळी व्हायला हवी.

आणि हात जोडून सांगतो, धान्याच्या साठ्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने आपल्या देशात माणसे, लहान मुले दगावली आहेत. ढेकूण सहसा कोणाचा जीव घेत नाही. आपण तो त्याच्यापायी देऊ नये.

पण या सगळ्या उपायांच्या आधीचा उपाय म्हणजे सांगणे. शेजाऱ्याला सांगा, घरमालकाला सांगा. आणि आपण घरमालक असू, तर सांगणाऱ्याचे आधी आभार माना, मग गादी उलटा. कामाला येणाऱ्या बाईंवर, भाड्याने राहणाऱ्या मुलांवर, गावाहून आलेल्या पाहुण्यांवर आधी संशय घेऊ नका. दिवाण आधी स्वतःचा सुटा करा. आपल्या मंडळात नोकरीसाठी नव्याने आलेली किती मुले-मुली आहेत. त्यांना कोणाला तरी काका-काकू म्हणून हे सांगता आले पाहिजे. माझा दूरध्वनी मंडळाच्या यादीत आहे. बोलवाल तेव्हा बॅटरी घेऊन येईन, आणि कोणाकडे गेलो होतो ते कोणाला सांगणार नाही.

सुरुवातीला मी तुम्हाला हात वर करायला सांगितले होते. खरे तर आधी माझा वर यायला हवा होता. हा घ्या, करतो. आमच्या घरी ढेकूण झाले होते.

गणपती बाप्पा मोरया!