तक्रार त्याच रात्री मिटावी



मंदिराचे काम दगडाने, चुन्याने आणि पैशाने पुरे होते. कलशारोहणाचा सोहळा मात्र माणसांनीच पार पाडावा लागतो. दगड रुसत नाही, माणूस रुसतो. नांदेड-लातूरकडच्या गावांतून वडीलधाऱ्यांना विचारावे. सप्ताहात धान्य कमी पडल्याची आठवण क्वचितच निघेल. पण पत्रिकेत नाव खाली छापले, आरतीचे ताट दुसऱ्याच्या हाती दिले, एवढ्यावरून भावकीत वर्षानुवर्षे अबोला राहिल्याची आठवण निघते. सोहळा सात दिवसांचा आणि रुसवा दोन पिढ्यांचा, असे होऊ नये.

यावरचा उपाय वारकऱ्यांनी शोधून ठेवला आहे. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त लावून दिली. लाखो माणसे चालतात, पण गोंधळ होत नाही. प्रत्येक वारकऱ्याला दिंडी आहे, दिंडीला क्रमांक आहे, आणि रथापुढे की रथामागे हेही ठरलेले आहे. मुक्कामाला समाजआरती होते. सर्व दिंड्या टाळ वाजवीत जमतात. चोपदार चोप उंच करतो आणि सारा समाज शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तिचे गाऱ्हाणे सर्वांसमक्ष ऐकले जाते, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. तक्रार करणाऱ्याला कोणी भांडखोर म्हणत नाही. टाळ वाजविणे हा त्याचा हक्कच आहे. म्हणून आजचे गाऱ्हाणे उद्याच्या वाटेवर येत नाही.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातही अशीच एक युक्ती आहे. सात दिवसांचे 168 तास होतात. एवढा वेळ वीणा खाली टेकवायची नाही. हे एकट्याचे काम नव्हे. दोन-दोन तासांचे पहारे लावले तर 84 पाळ्या होतात. यादी भिंतीवर लावलेली असते. रात्री दोनचा पहारा ज्याचा, तो न बोलावता उठून येतो; कारण आपण न गेलो तर आधीचा माणूस वीणा घेऊन उभाच राहील, हे त्याला ठाऊक असते. जबाबदारी ‘सर्वांची’ म्हटली की कोणाचीच राहत नाही. नाव आणि वेळ पडली की ती पार पडते.

तिसरा धडा नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात मिळतो. गुरु गोविंदसिंगजी 1708 साली नांदेडला समाधिस्थ झाले. 2008 साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा तेथे झाला, तेव्हा देश-परदेशांतून लाखो भाविक आले. तेथील लंगरात श्रीमंत आणि गरीब एकाच पंगतीत बसतात. भाजी चिरणे, पोळ्या लाटणे, भांडी घासणे, भाविकांचे जोडे सांभाळणे, ही सारी सेवाच मानली जाते. खालच्या कामाला तेथे खालचे मानत नाहीत. आपल्याकडे व्यासपीठावर बसायला दहा जण पुढे येतात आणि उष्टी काढायला दोघे. गावातील मोठ्या माणसाने पहिल्याच पंगतीला पत्रावळी उचलल्या, तर पुढच्या पंगतीला तरुणांना सांगावे लागत नाही.

तेव्हा कलशारोहण ठरविणाऱ्या मंडळींनी चार गोष्टी कराव्यात. पाणी, कोठी, पंगत, मंडप, बैलगाड्या व मोटारींचा तळ, प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि एक जोडीदार नेमून नावे मंदिराच्या भिंतीवर लावावीत. स्वयंपाकाचा भार ज्या माता-भगिनींवर पडतो, त्यांना बैठकीतही बसवावे. किती पीठ लागेल हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? देणगीची पावती त्याच दिवशी द्यावी आणि जमाखर्च फळ्यावर लिहावा. अकरा रुपये देणाऱ्यालाही तो वाचता यावा. आणि रोज रात्री कीर्तनानंतर अर्धा तास बसून ज्याचे जे गाऱ्हाणे असेल ते सर्वांसमक्ष ऐकावे व तेथेच मिटवावे.

पत्रिकेच्या तळाशी ‘समस्त गावकरी मंडळी’ असे छापण्याची रीत आहे. कळस चढल्यावर शेवटची पंगत उठेपर्यंत एकही घर रुसून बसले नाही, तरच ते शब्द खरे ठरतात.