आधी कोणी, मग कोणी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझा विषय 'घरखरेदीतील कायदा' असा छापला आहे. मी वकील नाही. एक जागा घेताना जे ठेचकाळले, तेवढेच सांगणार आहे.

२०१९ साली यजमान निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले. डोंबिवलीत एक लहानशी जागा घेऊन भाड्याने द्यावी, असे ठरले. जागा पाहिली, बेचाळीस लाखांना सौदा झाला, चार लाख इसार दिला आणि साठेखत नोंदवून घेतले. त्या संध्याकाळी मी आळीत पेढेसुद्धा वाटले! मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की, नुसत्या साठेखताने जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. तो खरेदीखताने होतो. म्हणजे पेढे घाईचेच झाले.

साठेखतात लिहिले होते की, मालकांनी जागेवरचे बँकेचे कर्ज फेडावे, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणावे आणि त्यानंतर आम्ही उरलेली रक्कम द्यावी. मुदत तीन महिन्यांची. तीन महिने गेले. मालकांकडून कागद काही आले नाहीत. आले ते एक पत्र : 'आपण मुदतीत पैसे दिले नाहीत, सबब सौदा रद्द.' मला अशी चीड आली म्हणता! चोर तो चोर, वर शिरजोर. तडक एका वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी साठेखत वाचले आणि विचारले, "तुमचे कर्ज मंजूर झाले आहे का?"

आम्ही गप्प. फंडातून निम्मे येणार होते, निम्मे बँकेकडून. आणि बँकेत आम्ही अर्जही केला नव्हता. मी म्हटले, "त्यांचे कागद आल्याशिवाय आम्ही कशाला धावपळ करावी?"

तेव्हा त्यांनी समजावले ते मी अजून विसरले नाही. १८७२ च्या करार कायद्यात परस्परांना दिलेल्या वचनांची कलमे आहेत, ५१ ते ५४. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करावयाच्या असतील, तर समोरचा तयार नसताना आपल्यावर सक्ती नाही. क्रम ठरला असेल, तर क्रमानेच चालावयाचे. ज्याचे काम आधी, त्याने ते केले नाही, तर दुसऱ्याकडून पैसे मागण्याचा त्याला अधिकार नाही. इथपर्यंत आमची बाजू भक्कम होती. परंतु "जागाच द्या" म्हणून कोर्टात जायचे, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम १६ आडवे येते. आपण पहिल्यापासून तयार आणि राजी होतो, हे आपण सिद्ध करावे लागते. राजी आम्ही होतोच. तयार होतो का? पासबुकात निम्मेच पैसे होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत अर्ज केला. मंजुरीचे पत्र हाती येताच मालकांना रजिस्टर पत्र पाठविले : आमची रक्कम तयार आहे, आपण कागद द्यावेत.

मग ते गृहस्थ स्वतःच आले. लबाड नव्हते हो! अडकले होते. कर्ज फेडावयाला त्यांच्याजवळ पैसे असते, तर त्यांनी जागा विकलीच कशाला असती? ते आमच्या पैशांची वाट पाहात होते आणि आम्ही त्यांच्या कागदांची. कोणा टंकलेखकाने जुन्या मसुद्यावरून तो क्रम उतरवून काढला होता आणि आम्ही चौघांनीही न वाचता सह्या केल्या होत्या.

वकीलबाईंनी पुरवणी करार केला. आमच्या बँकेने त्यांच्या बँकेचे देणे परस्पर भागवावे, मूळ कागद आमच्या बँकेकडे यावेत आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी मालकांना मिळावी. मधल्या काळात भाव चढला म्हणून त्यांनी पन्नास हजार जास्त मागितले. मी नको म्हणत होते. यजमानांनी पंचवीस देऊन विषय मिटविला. त्यावरून आमच्या घरात अजून वाद होतो.

नवी जागा बिल्डरकडून घेणाऱ्यांसाठी थोडेसे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. ताबा लांबला आणि तुम्हांला सौदा ठेवावयाचा असेल, तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्याने द्यावयाचे. मात्र तुमचा हप्ता चुकला, तर त्याच दराने व्याज तुम्हीही द्यावयाचे, हे बायका ऐकून घेत नाहीत! आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घ्यावयाचा. मुहूर्त नाही म्हणून थांबता येत नाही.

आमचे ते साठेखत मी पिशवीतून आणले आहे. चुकीचे कलम तांबड्या पेन्सिलीने खुणावले आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे. फक्त बशी त्यावर ठेवू नये.