मागच्या दाराची काच

आज पाककृती नाही, आज गाडीची गोष्ट.

आमच्या गटाकडे एक जुनी, वापरलेली जीपगाडी आहे. पापड, शेवया, हळद घेऊन आम्ही तिच्यातून बाजार गाठतो. गेल्या जूनमध्ये वाटेत चहाला थांबलो. मागच्या दाराची काच खाली घेतली होती, ती काही केल्या वर येईना. बटण दाबलं तर आवाजसुद्धा नाही. वर आभाळ भरून आलेलं. दाराला प्लॅस्टिकचा कागद बांधला, तरी पापडांची दोन खोकी भिजलीच.

गॅरेजमध्ये दार न उघडताच सांगितलं, "मोटर गेली, नवी टाका." पैसे गटाच्या पेटीतले, म्हणजे बारा जणींच्या घामाचे. आम्ही म्हटलं, आधी दोष शोधू, मग पैसे काढू.

तो कसा शोधायचा, तेच सांगते.

पहिलं, ड्रायव्हरच्या दारावर मुलांसाठीचं लॉकचं बटण असतं. ते दाबलेलं असलं की मागच्या दारावरची बटणं चालत नाहीत. काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण मागच्या बटणाने नाही, तर आधी हे लॉक बघा, मग मागचं बटण.

दुसरं, दोन्हीकडून चालत नसेल तर फ्यूज बघा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. फ्यूजच्या जागी तार कधीच घालू नका. वायर तापून गाडी पेटू शकते.

तिसरं, दाराला कान लावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर मोटर चांगली आहे. आतली केबल किंवा प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल. काच हळूहळू, अडखळत चढत असेल तर रबराच्या खाचेत धूळ बसली असेल. ओल्या फडक्याने खाच पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तेल-ग्रीस नको, त्यावर धूळ आणखी चिकटते.

चौथं, जे आमच्या कामी आलं. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, वायर वाकून वाकून आत तुटते. वरून काही दिसत नाही. आमची गाडी चालवणारी ताई बटण दाबून धरून दार सावकाश हलवत राहिली आणि काच टचकन दोन बोटं वर सरकली! मोटर जिवंत होती, वायर तुटली होती.

मग दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, वायरीला नवा तुकडा डाख देऊन जोडला. जोड वाकणाऱ्या जागी न ठेवता दाराच्या आत घेतला, नाहीतर तो पुन्हा तुटला असता. नव्या मोटरीचे पैसे पेटीतच राहिले.

दार उघडून काम करायचं असेल तर आधी काच वर धरून चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधा. सुटली तर हातावर पडते. आतल्या कात्रीसारख्या पट्ट्यांत बोटं घालू नका.

आणि एक गोष्ट विसरू नका. अशी काच चढताना लहान मुलाची मान किंवा हात अडकू शकतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत काच आपोआप थांबत नाही. म्हणून गाडीत मुलं असताना ते लॉक दाबलेलं ठेवा, आणि उतरताना चावी काढून सोबत घ्या, मग दोनच मिनिटांचं काम का असेना.

आम्ही आता गटाच्या वहीत हिशोबाशेजारी गाडीचंही पान ठेवलंय. काय बिघडलं, काय निघालं, किती लागले, सगळं लिहितो. तुमच्या गाडीचंही एक पान उघडा.

येते मी. नमस्कार.