चिमणीच्या गळ्यावरील पिवळा ठिपका
(व्याख्यानाचा सारांश)



लहान मुलाला पाखराचे घरटे दिसले की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. आत अंडी किती, ती कोणत्या रंगाची, पिल्लू केव्हा बाहेर येणार, हे प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. ही ओढ पुढे दयेकडे जाईल की क्रौर्याकडे, हे त्या वयात ठरलेले नसते. ते ठरविण्यात घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा किती मोठा असतो, याचे उदाहरण म्हणजे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे बालपण होय.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा अगदी लहान वयात आईवडिलांच्या छत्राला मुकला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्याचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा शौक होता. साहजिकच भाच्याच्याही हाती छऱ्यांची बंदूक आली. १९०६-०७ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी, या मुलाने एक नोंद लिहून ठेवली. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणी अंडी उबवीत बसली होती आणि बाहेर खिळ्यावर नर पहारा देत होता. मुलाने लपून त्या नराला टिपले. थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी येऊन बसला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर मारले गेले.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ही नोंद वाचताना वेदना होते, आणि ती व्हावयासच हवी. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. नुसता खेळ म्हणून मारणारा मुलगा आकडा मोजून विसरून जातो. या मुलाने काय घडले ते पाहिले, लिहिले आणि जपून ठेवले.

पुढे १९०८ च्या सुमारास त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आढळला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? हिचे मांस खाण्यास धर्माने अनुमती आहे काय? मुलाने मामांना विचारले. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. ‘जा, अभ्यास कर’ असे म्हणून त्यांना विषय संपविता आला असता. बहुतेक घरांत तो तसाच संपतो. त्यांनी मात्र चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या बुजऱ्या मुलाला पक्ष्याचे नाव सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. एका व्यापारी पेढीचा कारभार सांभाळणाऱ्या या गृहस्थाने एका अनोळखी पोरासाठी आपला वेळ खर्च केला, ही गोष्ट लहान नव्हे.

सलीम अलींनी ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात लक्ष घालून पाहिले, मुंबईस परतून दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबनिसीही शिकली. परंतु ब्रह्मदेशात मन खाणीपेक्षा भोवतालच्या रानात रमले आणि धंदा काही साधला नाही. (जमाखर्च शिकलेला प्रत्येक जण दुकानात बसलाच पाहिजे, असे थोडेच आहे!) १९३० साली हातची नोकरी गेलेली असताना ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी महिनोन्‌महिने न्याहाळली. नर घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले तरच पुढचे विणकाम होते. मादी अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या घरट्याच्या विणकामास लागतो. ही माहिती दुरून, धीराने पाहून मिळाली होती.

अभ्यासासाठी नमुने म्हणून पुढेही त्यांनी पक्षी मारले. ते वगळून त्यांचे चरित्र सांगणे म्हणजे खोटा ताळेबंद मांडणे होय. त्याच ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूस भरतपूरची पाणथळ जागा वाचविण्यासाठी त्यांनी केलेली खटपटही मांडावी लागते.

आज मुलांच्या हाती बंदूक नाही, पण अंड्यांचे कुतूहल तेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. तेव्हा मुलाला घरट्यापासून नुसते हाकलून न लावता दुरून पाहावयास शिकवावे. माळावर टिटवी उघड्या जमिनीवर बहुधा चार अंडी घालते. त्यांचा ठिपकेदार मातकट रंग खड्यांत मिसळून जातो. कोणी जवळ गेले की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालीत आकांत करतात. तो आकांत ऐकला की चार पावले मागे यावे, मुलाच्या हाती वही द्यावी आणि तारीख लिहावयास सांगावी. अंडी उबण्यास सुमारे चार आठवडे लागतात, आणि पिल्ले बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात आपल्या पायांनी चालू लागतात.