पत्रे-पन्हाळीचं कोटेशन कसं वाचायचं?



आखाजीला भेंडवळची घटमांडणी झाली, की घाटावर आणि घाटाखाली सगळीकडे एकच बोलणं सुरू होतं, यंदा पाऊस कसा? पाऊस कसाही येवो, तो पहिल्यांदा आपल्या टिनावर येणार. म्हणून आज आपण घरावरची टिनं, वळचणीची पट्टी आणि पन्हाळ यांबद्दल बोलू. आणि मुख्य म्हणजे, हे काम करणारा मिस्तरी किंवा फॅब्रिकेशनवाला जो भाव सांगतो, तो वाजवी आहे की नाही हे कसं ओळखायचं, ते पाहू.

हे गटाच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणी विचारेल. कारण या कामासाठी पैसा बहुतेक वेळा गटातूनच उचलला जातो. कर्जाचे हप्ते दोन वर्षं चालतात आणि पत्रा दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागतो, असं झालं तर ती बाई गळक्या घराचे हप्ते भरत बसते. हप्ता थकला की ओढाताण सगळ्या गटाची होते. म्हणून कोटेशन नीट वाचणं हेही गटाचंच काम आहे.

पहिली गोष्ट, पन्हाळ ही शोभेची वस्तू नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांच्या भिंती मातीच्या आहेत. पन्हाळ नसली किंवा फुटकी असली, की पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं. माती उकरली जाते, ओल वर चढते आणि भिंत फुगते. टिनाच्या कडेला असलेली लाकडी पट्टी याच पाण्यानं कुजते. ती कुजली की पन्हाळीचे क्लॅम्प निसटतात. म्हणून पट्टी बदलायची असेल तर आधी पाणी कुठून मुरतं ते शोधा. नाहीतर नवी पट्टीही कुजणार.

आता कोटेशनकडे येऊ. मिस्तरीला बोलावण्याआधी माप आपण स्वतः घ्या. शिवणकामाचा टेप चालेल, दोरी आणि फूटपट्टीही चालेल. घराची लांबी मोजा. मग उतार मोजा, म्हणजे वरच्या टोकापासून वळचणीपर्यंत. जमिनीवरचं माप घेऊ नका, कारण उताराचं माप त्यापेक्षा जास्त असतं.

उदाहरण घेऊ. घर 24 फूट लांब, एकच पाखं, उतार 12 फूट. रंगीत पत्रा एकावर एक चढवून बसवला की साधारण साडेतीन फूट रुंदी झाकतो. 24 ला साडेतीननं भागा. सात पत्रे लागतात. प्रत्येक 12 फुटी, म्हणजे 84 फूट पत्रा आणि 24 फूट पन्हाळ. हे आकडे वहीत लिहा. मग कुणी नऊ पत्रे लिहून आणले, तर तुम्ही विचारू शकता, “भाऊ, वरचे दोन कशाला?” एखादा तुटफुटीसाठी म्हणेल, ते पटलं तर ठीक. पण विचारलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, किमान तिघांकडून भाव घ्या आणि तिघांनाही एकच काम सांगा. एकाला नुसते पत्रे सांगितले, दुसऱ्याला पत्रे आणि पन्हाळ, तर ते भाव शेजारी ठेवून उपयोग नाही. ज्वारी आणि तूर एकाच मापानं मोजून भाव कळत नाही.

तिसरी गोष्ट, एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. “पत्रे व नाली काम, सर्व मिळून 22,000” असा कागद म्हणजे कोरा कागदच. त्यात पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा. पत्र्याची कंपनी आणि जाडी. पत्र्यांची संख्या आणि लांबी. खालच्या अँगल किंवा पाइपची दुरुस्ती. स्क्रू आणि त्यांचे रबरी वायसर. पन्हाळ किती फूट, क्लॅम्प किती, खाली उतरणारे पाइप किती. मजुरी. जुनी टिनं उतरवणं. गाडीभाडं. आणि जीएसटी धरून की वेगळा.

आता सोप्या आकड्यांत बघा. हा बाजारभाव नाही, फक्त समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. एकानं सांगितले 22,000. दुसऱ्यानं सांगितले 27,500, सगळं धरून, पक्क्या बिलासह, पत्रा 0.50 मिलिमीटरचा. पहिला स्वस्त वाटतो. त्याला खोदून विचारलं. जीएसटी 18 टक्के वेगळा, म्हणजे 3,960. जुनी टिनं उतरवायचे 1,500. पाइपचे 1,200. बेरीज झाली 28,660. आणि पत्रा निघाला 0.35 मिलिमीटरचा. स्वस्त कोण, ते आता तुम्हीच सांगा.

ही जाडी डोळ्यांना दिसत नाही, पण वजनाला दिसते. चार फुटी पट्टीपासून बनवलेला 12 फुटी पत्रा 0.50 मिलिमीटरचा असेल, तर तो साधारण साडेसतरा किलो भरतो. 0.35 चा सव्वाबारा किलोच्या आसपास. माल उतरवताना एक पत्रा काट्यावर ठेवा. पाच किलोचा फरक लपत नाही.

चौथी गोष्ट, काम कसं करणार ते विचारा, कारण भाव त्यावरही ठरतो. स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारला पाहिजे. खोलगट भागात मारला तर पाणी त्यावरूनच वाहतं आणि भोकातून गळतं. लांबीला दोन पत्रे जोडायचे असतील तर किमान सहा इंच एकावर एक चढवायचे. पन्हाळीला दर दहा फुटांना साधारण एक इंच उतार पाहिजे. नाहीतर पाणी साचतं, पालापाचोळा कुजतो, डास होतात. क्लॅम्प दोन-अडीच फुटांवर हवेत. पाण्यानं भरलेली पन्हाळ जड होते, चार-पाच फुटांवरचा क्लॅम्प तो भार सोसत नाही.

वादळी पावसाचा विचारही इथेच करा. मे-जूनच्या वावटळीत पत्रे उडतात म्हणून आपण टिनावर दगड ठेवतो. तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो. पत्रा स्क्रूनं किंवा हुकानं खालच्या लोखंडाला पक्का बांधलेला असेल, तर दगडाची गरजच राहत नाही. स्क्रूचे पैसे वाचवणाऱ्याला हे नक्की सांगा.

पाचवी गोष्ट, उतरवलेली टिनं कुणाची? भंगारात ती किलोवर विकली जातात. मिस्तरी नेणार असेल, तर तेवढी रक्कम भावातून कमी झाली पाहिजे. हेही कागदावर लिहा. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. पाणी मारून अख्खे उतरवायला सांगा, लेकरांना लांब ठेवा.

सहावी गोष्ट, पैसे देण्याची. सगळी रक्कम आधी देऊ नका. थोडी उचल, माल दारात येऊन मोजून झाला की दुसरा हप्ता, काम संपल्यावर बाकीचे. आणि शेवटचे थोडे पैसे पाण्याची परीक्षा झाल्यावर. आठ-दहा बादल्या पाणी वरून ओता. आत थेंब येतो का, पन्हाळीत पाणी थांबतं का, ते बघा. गळती निघाली तर किती दिवसांत दुरुस्त करणार, तेही लिहून घ्या.

बिल पक्कं मागा. त्यावर 15 अक्षर-अंकांचा जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 पासून सुरू होतो. फसवणूक झालीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. पण हातात बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

आता गटाचं काम. पंचसूत्रीत आपण बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे म्हणतो. घरदुरुस्तीचं कर्ज मागणाऱ्या ताईनं तिन्ही कोटेशन बैठकीत मोठ्यानं वाचावीत. कुणाचा नवरा मिस्तरी असतो, कुणी नुकतंच घर बांधलेलं असतं, कुणाला हार्डवेअरचा भाव ठाऊक असतो. दहा जणींच्या कानावर पडलेलं कोटेशन सहसा फसवत नाही. चार घरांचं काम एकदम काढलं तर गाडीभाडं वाटलं जातं, भावही उतरतो. आणि गटातून 20,000 शेकडा एक रुपयानं घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज 200. सावकाराकडून शेकडा पाचानं घेतले तर 1,000. म्हणून कर्ज गटाचंच घ्या, पण आकडा तपासून घ्या.

शेवटी घाटाखालच्या मैत्रिणींसाठी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं. आपण आत्ता मोजलेल्या घरावर एक इंच पाऊस पडला, तर सहाशे लिटरच्या वर पाणी पडतं. म्हणजे दोनशे लिटरची तीन टाकी. पन्हाळ नीट असेल तर ते आपलं, नाहीतर भिंतीच्या पायात. पहिल्या पावसाचं पाणी जाऊ द्या, टिनं धुऊन निघतील. मग कापडानं गाळून साठवा, वापरायला घ्या. प्यायचं असेल तर उकळून घ्या. पाइप टाकीत उतरवायचा खर्चही कोटेशनमध्येच धरायला सांगा, नंतर वेगळा पडतो.

रोहिणी लागायला फार दिवस नाहीत. मृग लागला की मिस्तरीला वेळ नसतो आणि भाव त्याच्या हातात जातो. तेव्हा या आठवड्याच्या बैठकीत टेप घेऊन या, आणि ज्यांचं घर गळतं त्यांच्या घरापासून मोजायला सुरुवात करा.