पाऊणकी आणि भरती

(जव्हार येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या खेपेला तुमच्यापैकी दोघांनी आम्हाला विचारले, "गुरुजी, दिवाळी झाली की आम्ही पालघरकडे कामाला जातो. रविवारी सुट्टी असते. समुद्रावर गळ टाकला तर मासा मिळेल का?"

मिळेल. होडी लागत नाही, मोठे जाळे लागत नाही. पण आपण पडलो डोंगरातली माणसे. आपले जव्हार समुद्रापासून दीड हजार फूट उंचावर. आपल्याला वलगणीचे मासे ठाऊक, डोहातली वांब ठाऊक. मोखाड्याकडची पिंजाळ वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्राला मिळते. पाणी तेच, पण नदीवर शिकलेले सगळेच तिथे चालत नाही.

सामान थोडेच लागते. पन्नास-साठ हात तंगुसाची दोरी घ्यावी आणि फळीवर नाहीतर रिकाम्या बाटलीवर गुंडाळावी. टोकाला शिशाचा तुकडा बांधावा, त्याच्या वर हातभर अंतरात दोन बारीक गळ. शिसे नसेल तर लाट दोरी उचलून परत तुमच्याच पायाशी आणून टाकते. गांडूळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही. कोळणीकडून चार ताज्या कोळंब्या घ्या, सोला आणि तुकडे लावा. शिसे डोक्याभोवती फिरवून सोडायचे असते. आधी मागे कोणी उभे नाही ना, ते बघा. गळ माशाच्या तोंडापेक्षा माणसाच्या कानात लवकर अडकतो! आणि दोरी बोटाला बांधू नका, बोट कापते. नुसती बोटावरून जाऊ द्या. मासा टोचू लागला की कळते.

आता गळ टाकायचा कुठे? केळवे, शिरगाव, चिंचणी, बोर्डी, कुठल्याही वाळूवर आधी पाच मिनिटे नुसते उभे राहून बघा. लाट जिथे फुटून पांढरी होते तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो. त्याच्या अलीकडे काठाला धरून लांब घळ असते. तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद दिसते. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो ना? समुद्रावरही ते खरे आहे. लाटेने उकरलेले किडे आणि बारीक खेकडे त्या घळीत जमतात, म्हणून मासाही तिथेच येतो. मुडदुशी येते, ढोमा येतो, शिंगाळा येतो. तेव्हा काठावर घोटाभर पाण्यात उभे राहून गळ घळीत टाकायचा. फार आत जायचे कारणच नाही.

ही घळ जिथे समुद्राकडे उघडते तिथे काठावर आलेले पाणी जोराने परत जाते. तिथे उभे राहू नका. चुकून ओढले गेलात, तर सरळ काठाकडे यायला धडपडू नका, दम संपतो. काठाला समांतर बाजूला सरकत राहा. ओढ संपली की मग काठाकडे वळा.

आम्ही हे फजिती होऊन शिकलो, ती गोष्ट सांगतो. सन १९९४ मध्ये आमची नेमणूक किनाऱ्याजवळच्या एका शाळेत होती. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही गळ घेऊन निघालो. साडेअकराचा सुमार. पाणी ओसरलेले दिसत होते. घळीत पोटरीभर पाणी. ते ओलांडून आम्ही पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिलो, म्हणजे गळ लांब पडेल! दोन मुडदुशा मिळाल्या आणि आम्ही खूश. समोरच बघत होतो. तासाभराने तिसऱ्या वेचणारी एक बाई काठावरून ओरडली, "मास्तर, मागं बघा! घळ भरली!"

मागे बघतो तर काय, पोटरीभर पाणी छातीला लागेल इतके झालेले. नदीला पूर येतो तेव्हा पाणी गढूळ होते, काटक्या वाहून येतात. भरती असे काही सांगत नाही. ती समोरून येते असे आपल्याला वाटते, पण आधी मागची घळ भरते. त्या बाईने दाखवलेल्या वाटेने आम्ही कसेबसे काठाला लागलो. चपला गेल्या, दोरी गेली, मासेही गेले.

बाई म्हणाली, "आज पंचमी. पंचमीला पावणेचारला पुरती भरती. एवढं शाळेत शिकवत नाहीत होय?"

आम्ही गप्प. त्या बाईला अक्षरओळख नव्हती. आम्ही मात्र पाऊणकी लहानपणी छडी खाऊन पाठ केली होती आणि भरती-ओहोटी मुलांना वर्षानुवर्षे शिकवत होतो. दोन्ही एकत्र आणणे कधी सुचले नाही.

हिशोब असा आहे. दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिची पाऊणकी करा. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती पुरी होते. एकाची पाऊणकी पाऊण, दोनाची दीड, तिनाची सव्वादोन, चाराची तीन, पाचाची पावणेचार. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रत्येक वेळी एकपासून मोजायचे. दिवसात दोनदा भरती येते. म्हणजे पंचमीला पहाटे पावणेचार आणि दुपारी चारच्या आसपास. अर्धा तास इकडे तिकडे होतो, तेवढे धरून चाला. भरतीच्या आधी सव्वासहा तास मागे मोजले की ओहोटी मिळते. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते. हिशोब त्यावरच उभा आहे.

आणखी एक गोष्ट. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, शेवटी हळू, मधल्या दोन तासांत सर्वांत जोरात. आमचा साडेअकरा ते साडेबाराचा तास नेमका त्यात पडला होता! पुनवेला आणि अवसेला, तसेच पुढचे एक-दोन दिवस उधाण असते. तेव्हा पाणी फार मागे जाते आणि तेवढ्याच जोराने येते. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढते, कमी उतरते. नवख्याने भांगाला जावे. भरती पुरी व्हायच्या आधी दोन तास गळ टाकावा, पाणी चढेल तसे मागे सरावे आणि उत्तराच्या वेळेला सामान आवरावे. पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. १ जूनपासून यंत्राच्या होड्यासुद्धा बंदीमुळे काठावर असतात.

शिंगाळ्याला हात लावताना जपा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो. फडक्याने धरून गळ काढा. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला. वाळूत पाकट पडून राहते. तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते, पण पाय घासला की निघून जाते. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवावा, दुखणे कमी होते. मग दवाखाना गाठावा.

आता पाट्या काढा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत येत्या रविवारची तिथी बघा, पाटीवर लिहा आणि तिच्यापुढे पाऊणकी मांडा. ज्यांनी विचारले होते, त्या दोघांनी आपल्या पाट्या आधी आम्हाला दाखवाव्यात.